चालत्या ऑटोमॅटिक गाडीचा काटा शून्यावर पडतो, गिअर अडकतो. गिअरबॉक्स उघडायचा का?

काळीमाती | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मारेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. बाबा धुऱ्यावरून पडले तेव्हा त्यांचा डावा पाय मोडला. आत रॉड आहे, क्लच दाबणं जमत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी जुनी ऑटोमॅटिक घेतली. २०१४ ची, पेट्रोल, चार गिअरची टॉर्क कन्व्हर्टरवाली. ७१ हजार किलोमीटर झालेत. आजवर काही त्रास नव्हता.

मागच्या पंधरवड्यात झड लागली तेव्हापासून असं होतंय : ५०-६० च्या वेगाने जाताना स्पीडोमीटरचा काटा एकदम शून्यावर पडतो. लगेच गाडीला हिसका बसतो आणि मग ती एकाच गिअरमध्ये अडकते. थांबून परत निघताना जड उठते, बैलानं चिखलातून बंडी ओढावी तशी. इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गाडी बंद करून दहा मिनिटांनी सुरू केली की सगळं ठीक, कधी दोन किलोमीटर, कधी वीस. काटा पडलेला असताना किलोमीटरचे आकडेही पुढे सरकत नाहीत.

जिल्ह्याच्या ठिकाणी एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गिअर ऑइल बदललं, ६,५०० घेतले. फरक पडला नाही. आता म्हणतात गिअरबॉक्स खोलावा लागेल, ८५ हजारांचा अंदाज दिलाय. पुढच्या बुधवारी बाबांना वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात तपासणीला न्यायचं आहे. मी शाळेत शिकवते, गाडीतलं मला फारसं कळत नाही, पण सांगाल ते करून पाहायची तयारी आहे.

मिस्त्री_वणी | सोमवार, रात्री ९:५२

ताई, पयले एक काम करा. गिअरबॉक्स कोणाले उघडू देऊ नका.

मी कोळसा खाणीत डंपरच्या मेंटेनन्सले आहो, बावीस वर्षं झाली. आमच्याकडचे मोठे डंपर ऑटोमॅटिकच असते, अन् ही तक्रार आमच्याकडे दर पावसाळ्यात येते. आता पाहा, आतल्या क्लच प्लेटा घासल्या असत्या त काय झालं असतं? इंजिन गुरगुरलं असतं, आरपीएम वर चढला असता अन् गाडी मागं राहिली असती. पण वेगाचा काटा शून्यावर पडला नसता. काट्याले क्लच प्लेटांचं काय घेणं-देणं? गाडी पळून राहिली, चाक फिरून राहिलं, अन् काटा म्हणते शून्य. म्हणजे खबर पोचून नाही राहिली.

ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर मुख्य दोन गोष्टी पाहून गिअर टाकते : तुम्ही एक्सिलेटर किती दाबला, अन् गाडी किती वेगात आहे. वेगच गायब झाला त थो कशाच्या भरवशावर गिअर बदलवन? मग थो एक गिअर धरून बसते, बहुतेक गाड्यांत तिसरा. डबा, म्हणजे गिअरबॉक्स, वाचवासाठी कंपनीनंच तशी सोय करून ठेवली असते, त्याले लिंप मोड म्हणते. चावी बंद-चालू केली की थो पुन्हा पयल्यापासून हिशेब करते, म्हणून तुम्हाले गाडी सुधरल्यासारखी वाटते.

तीन गोष्टी सांगा. काटा पयले पडते की हिसका पयले बसते? एबीएसचा, म्हणजे ब्रेकच्या सिस्टीमचा, दिवा लागते का? अन् गाडी उभी कुठं असते?

काळीमाती | सोमवार, रात्री १०:१५

दादा, तुम्ही विचारल्यावर नीट आठवून पाहिलं. काटा आधी पडतो, क्षणभराने हिसका. एबीएसचा दिवा लागत नाही. गाडी गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये असते.

तूरवाला | मंगळवार, सकाळी ७:०५

ताई, राग मानू नका, पण मनापासून सांगतो. ऑटोमॅटिक आपल्या भागात चालवणं कठीण आहे. रस्त्यात बंद पडली तर धक्का मारून सुरू होत नाही, आणि तालुक्याला हात लावणारा कोणी मिळत नाही. माझ्या मेव्हण्याने वैतागून विकली. दुरुस्त झाली की काढून टाका.

काळीमाती | मंगळवार, सकाळी ७:४०

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, धक्क्याचा अनुभव आम्हीही घेतलाय. पण बाबा या गाडीमुळे स्वतः वावरात जातात, बाजाराला जातात. पाय मोडल्यावर वर्षभर ते प्रत्येक गोष्टीसाठी कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत होते. ही गाडी मला टिकवायची आहे.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट | मंगळवार, सकाळी ९:३०

मिस्त्रींनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. तिथे ३००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या टर्बाइनचा वेग आम्ही ज्या तत्त्वावर मोजायचो, त्याच तत्त्वावर तुमच्या गाडीचा सेन्सर चालतो. दातेरी चाक फिरतं, प्रत्येक दात सेन्सरसमोरून गेला की एक स्पंदन उमटतं, आणि स्पंदनं मोजली की वेग कळतो. चाकाला ६० दात असले तर सेकंदाला येणारी स्पंदनं म्हणजे थेट मिनिटाचे फेरे. इतकी साधी गोष्ट आहे, म्हणून घाबरू नका.

सेन्सर दोन जातींचे असतात. एक नुसत्या चुंबकाचा आणि तारेच्या वेटोळ्याचा. त्याला दोन वायरी. बाहेरून वीज लागत नाही, चाक फिरलं की तो स्वतःच थोडा एसी व्होल्टेज तयार करतो, जोरात फिरलं तर जास्त. त्याचं वेटोळं मीटरने ओहममध्ये तपासता येतं. दुसरा हॉल सेन्सर, त्याला बहुधा तीन वायरी : एक वीज, एक अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी), एक सिग्नल. हा ओहममध्ये तपासू नये, त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. त्याला वीज देऊन, चाक फिरवून, सिग्नल खाली-वर होतो का तेच पाहावं लागतं.

आधी कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने केलेली बिघाडाची नोंद, वाचून घ्या. ती फोनवर दाखवणारं ओबीडीचं ब्लूटूथ रीडर कोणाकडे तरी मिळेल.

हिंगणघाटकर | मंगळवार, दुपारी १:१०

एवढं कशाला? सेन्सर दोन-अडीच हजारांत मिळतो. सरळ नवा टाका. मीटर लावत बसण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात बसवून होतो.

वर्धाकाठ | मंगळवार, दुपारी २:२५

@हिंगणघाटकर, मीही असंच केलं होतं. सेन्सर बदलला, आठ दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. दुसरा बदलला, तरी तेच. सेन्सर काढता-घालताना कनेक्टर हलत होता आणि तेवढ्यापुरता कॉन्टॅक्ट जुळत होता. दोष वायरीत निघाला. दोन सेन्सरचे पैसे गेले आणि मधल्या काळात मला वाटत राहिलं की आपल्याला डुप्लिकेट माल मिळाला. तपासल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका.

काळीमाती | बुधवार, संध्याकाळी ६:२०

गावातल्या कृषी केंद्रवाल्या काकांच्या मुलाकडे रीडर मिळालं. स्टेअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावून फोनवर वाचलं. एकच कोड आला : पी०५००. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरशी मात्र ते रीडर बोलतच नाही.

आणि एक विचारायचं आहे. काल संध्याकाळी गाडी पांधणीवर अडकलेल्या गिअरमध्ये होती, पावसात पुढे नेण्याची हिंमत झाली नाही. शेजारचे काका ट्रॅक्टरला दोर बांधून घरापर्यंत ओढून न्यायला तयार होते. मी नको म्हटलं आणि अर्ध्या तासाने सुरू करून हळूहळू आणली. बरोबर केलं ना?

मिस्त्री_वणी | बुधवार, संध्याकाळी ७:००

लय चांगलं केलं ताई! ऑटोमॅटिकमध्ये ऑइल फिरवाचा पंप इंजिनावर चालते. इंजिन बंद अन् चाकं फिरून राहिली, म्हणजे आतले बेअरिंग अन् गिअर कोरडे घासते. ट्रॅक्टरनं पाच-दहा किलोमीटर ओढली असती त त्या गॅरेजवाल्याचं खरंच झालं असतं, डबा खोलाच लागला असता. ज्या चाकांवर ताकद जाते थे चाकं उचलून न्यायची, तुमच्या गाडीची समोरची. नाही त सरळ चारही चाकं वर घेणारी गाडी बोलवायची. घरात सगळ्यांले सांगून ठेवा हे.

पी०५०० म्हणजे वेगाच्या सेन्सरचा रस्ता. सेन्सरच खराब आहे असं थो कोड म्हणत नाही, एवढं ध्यानात ठेवा. सेन्सर, कनेक्टर, वायर, अर्थ, यातलं काही बी असू शकते. अन् साधे रीडर बरेचदा फक्त इंजिनचेच कोड वाचते. गिअरबॉक्सकडे पी०७२० असा आउटपुट स्पीड सेन्सरचा कोड बी पडला असन, पण थो पाहाले मोठं मशीन लागते. सध्या त्याची गरज नाही.

आता एक चाचणी करा. गाडी दुसऱ्या कोणी चालवावी, तुम्ही बाजूच्या सीटवर बसा. एका फोनवर जीपीएसचा वेग, दुसऱ्यावर रीडरचा. काटा पडते तेव्हा रीडर काय दाखवते थे पाहा.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट | बुधवार, संध्याकाळी ७:४५

या चाचणीमागचं कारण सांगतो. काटा पडला तरी रीडरवर वेग बरोबर दिसला, तर दोष डॅशबोर्डच्या मीटरमध्ये किंवा तिथपर्यंतच्या वायरीत. रीडरवरही शून्य झालं, तर सिग्नल मुळातच येत नाही. जीपीएसपेक्षा काटा तीन-चार किलोमीटर जास्त दाखवत असेल तर तो दोष नव्हे, कंपन्या मुद्दाम तसाच ठेवतात.

त्याआधी बॅटरी बघा. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. बॅटरी लुळी असली की निरनिराळे कॉम्प्युटर खोटे कोड देतात आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

काळीमाती | गुरुवार, रात्री ८:३०

चाचणी केली. बाबा गाडी चालवत होते, मी दोन फोन धरून बाजूला. मारेगावच्या अलीकडे रस्त्यावर खड्डे आहेत, तिथे काटा पडला. त्या वेळी जीपीएसवर ५२, रीडरवर शून्य. इंजिन चालूच होतं, गाडी पळत होती. पाच-सहा सेकंदांनी दोन्हीकडे ५० आलं, पुन्हा शून्य. खड्ड्यातच जास्त होतं हे आज पहिल्यांदा लक्षात आलं. बॅटरी १४.१.

गावात मोटारपंप वाइंडिंग करणारा एक मुलगा आहे, त्याच्याकडे मीटर आहे. उद्या तो येतो म्हणालाय. त्याने वाकून पाहिलं, गिअरबॉक्सवरच्या सेन्सरला तीन वायरी आहेत.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट | गुरुवार, रात्री ९:१५

खड्ड्यात होतं ही फार मोलाची माहिती आहे. हादऱ्याने येणारा-जाणारा दोष बहुतेक वेळा जोडणीचा असतो. सेन्सर आतून मरतो तेव्हा खड्डे मोजत नाही. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, असं असतं तर मी सेन्सरवर संशय घेतला असता.

तीन वायरी म्हणजे बहुधा हॉल सेन्सर, म्हणून उद्याची रीत अशी ठेवा. सपाट, घट्ट जागा बघा, शेडमधली ओली काळी माती नको, तिच्यात जॅक रुततो. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. पुढचं डावं चाक जॅकवर उचला, खाली घोडी (जॅक स्टँड) किंवा लाकडी ठोकळा ठेवा, आणि गाडीखाली कोणीही डोकं घालू नका. इंजिन बंद, चावी ऑन, गिअर न्यूट्रलमध्ये. कनेक्टर काढायचा नाही, लावलेलाच असू द्या. मागच्या बाजूने रबरी सीलच्या कडेने शिवणाची बारीक सुई आत सरकवा आणि मीटरची तार सुईला लावा. वायरच्या कव्हरला भोक पाडू नका, त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी शिरतं.

आधी विजेच्या वायरीवर किती व्होल्ट येतात, ते बघा. मग सिग्नलच्या वायरीवर मीटर लावून चाक हाताने अगदी सावकाश फिरवा. आकडा शून्याजवळ आणि पाच किंवा बाराजवळ असा आलटून-पालटून यायला हवा. शेवटी मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी सेन्सरच्या अर्थच्या वायरीवर लावा. तिथे जवळपास काहीच दिसू नये, ०.१ व्होल्टच्या आत. हे सगळं स्थिर उभ्या गाडीवर बरोबर येण्याची शक्यता जास्त आहे. म्हणून प्रत्येक मोजणी वायरींची जुडी हलवत पुन्हा करा. खड्डा तुम्हालाच तयार करायचा आहे.

मिस्त्री_वणी | गुरुवार, रात्री ९:४०

काकांनी सांगितलं थेच करा. एकच जोडतो. पोराले सांगा, सिग्नलच्या वायरीले टेस्ट लॅम्प लावू नको. बल्ब जेवढा करंट ओढते तेवढा कॉम्प्युटरले सहन नाही होत. मोटारपंपावर काम करणाऱ्याले बल्ब लावाची सवय असते, म्हणून सांगतो.

मनीष_झरी | शुक्रवार, सकाळी ८:१५

वाचतो आहे. माझी एएमटी आहे, हेच सगळं तिला लागू होतं का?

मिस्त्री_वणी | शुक्रवार, दुपारी १२:३०

@मनीष_झरी भाऊ, एएमटी वेगळी. तिच्यात साधाच गिअरबॉक्स अन् क्लच, फक्त हाताच्या अन् पायाच्या जागी यंत्र काम करते. वेगाची खबर तिलेबी लागते, पण हिसक्याची कारणं दुसरी बी असते. तुम्ही वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

काळीमाती | शुक्रवार, रात्री ९:०५

सापडलं!

सगळं लिहिते. वीज १२.२ व्होल्ट. चाक फिरवल्यावर सिग्नल शून्याजवळून पाचजवळ आणि परत, असा अगदी तुम्ही सांगितला तसा येत होता. म्हणजे सेन्सर जिवंत आहे. अर्थच्या वायरीवर ०.०३. सगळं बरोबर, आणि माझा जीव खाली बसला, कारण मग दोष आहे तरी कुठे?

मग त्याने बॅटरीच्या खालून गिअरबॉक्सकडे येणारी वायरींची जुडी धरून हलवली. अर्थचा आकडा ०.०३ वरून एकदम ६ च्या वर उडाला. सोडली की परत खाली. चार वेळा करून पाहिलं. जुडी हलवताना मी चाक फिरवत होते, तर सिग्नलही गप्प.

बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर काढला. खाली जुडीच्या टेपला उंदरांनी कुरतडलेलं होतं, आणि अर्थच्या काळ्या वायरीचं कव्हर दीडेक इंच गायब. तारा हिरव्यागार, चार-पाच बारीक केसांएवढ्या शिल्लक. बाजूला सरकी ढेपेचा भुगा. शेडमध्ये गाडीच्या नाकासमोरच आम्ही ढेपेची पोती ठेवतो.

आता हे कसं जोडायचं? तो म्हणतो पीळ देऊन टेप मारतो.

मिस्त्री_वणी | शुक्रवार, रात्री ९:२०

ताई, डोयात पाणी आलं वाचून. शाबास त्या पोराले!

पीळ अन् टेप नको. पुढच्या झडीत पुन्हा तेच होईन. हिरवा रंग कव्हरच्या आतून बराच पुढपर्यंत सरकला असते, म्हणून दोन्हीकडून वायर कापत जा, जोवर तांबं लालसर चमकत नाही तोवर. कमी पडन तेवढा त्याच जाडीचा नवा तुकडा घाला. त्याआधी बॅटरी सोडलेली पाहिजे, निगेटिव्ह पयले. जोड सोल्डर करा, वरून गोंदवाली हीट श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळते थे नळी), म्हणजे पाणी आत जात नाही. बाकीच्या वायरी एकेक करून पाहा, दातांची खूण असन तिथं तेच करा. मग पूर्ण जुडीवर प्लास्टिकची नळी चढवा अन् ट्रेच्या धारेपासून दूर क्लिप मारा. सोल्डरचा जोड हालता राहिला त कडेले तुटते.

हिंगणघाटकर | शुक्रवार, रात्री १०:३०

मी सेन्सर बदला म्हणालो होतो, ते चुकलं. ताईंनी ऐकलं असतं तर अडीच हजार गेले असते आणि गाडी तशीच राहिली असती. पुढे कोणी हा धागा वाचेल त्याने माझा प्रतिसाद धरू नये.

आर्णीचा_रस्ता | शनिवार, सकाळी ११:००

याच लक्षणांचा माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहून ठेवतो. माझी गाडी जुनी, सेन्सर दोन वायरींचा. वायरी ठणठणीत होत्या, वेटोळंही मॅन्युअलमध्ये दिलेल्या ओहममध्ये बसत होतं. पण कमी वेगात, वीसच्या खाली, काटा नाचायचा. सेन्सर बाहेर काढला तर टोकावर लोखंडाच्या भुकटीचा करडा लेप. चुंबकाने वर्षानुवर्षं गोळा केलेला. कापडाने पुसला, नवी ओ-रिंग घालून बसवला आणि नाचणं थांबलं. बारीक पिठासारखी भुकटी असेल तर काळजी नाही. चकाकणारे कपचे किंवा दातांचे तुकडे दिसले, तर मात्र आतले गिअर झिजताहेत, आणि तेव्हा डबा उघडायची वेळ खरंच आली आहे.

निवृत्त_इन्स्ट्रुमेंट | शनिवार, दुपारी १२:१०

@आर्णीचा_रस्ता, चांगली भर. चुंबकी सेन्सरचा सिग्नल मुळात कमी वेगात दुबळा असतो, त्यात टोकावर भुकटी बसली की तो आणखी क्षीण होतो. म्हणून तुमचा काटा कमी वेगात नाचला आणि ताईंचा खड्ड्यात पडला. दोष कुठल्या वेळी येतो याची नोंद हाच निम्मा शोध असतो.

काळीमाती | रविवार, संध्याकाळी ५:४५

जोडणी झाली. एकूण तीन वायरींना दात लागले होते, तिन्ही केल्या. त्या मुलाने पैसे घ्यायला नकार दिला, आईने त्याला जेवूनच पाठवलं. रीडरने कोड पुसला आणि वणीपर्यंत जाऊन आलो, मुद्दाम खड्ड्यांच्या रस्त्याने. जीपीएस आणि रीडरमध्ये एक-दोनचा फरक, काटा तीनने जास्त. चौथा गिअर पडतो तेव्हा आरपीएम खाली उतरतो, तेही आता ओळखता येतं. कोड परत आला नाही.

काटा बंद असतानाचे किलोमीटर ओडोमीटरमध्ये आलेले नाहीत. सर्व्हिसच्या वहीत तारखा आणि अंदाजे शंभर किलोमीटर अशी नोंद करून ठेवली.

तूरवाला | रविवार, संध्याकाळी ७:२०

ताई, खूप आनंद झाला. मेव्हण्याची गाडी विकायच्या आधी हा धागा असायला हवा होता. त्याचाही काटा पडत होता.

काळीमाती | बुधवार, रात्री १०:५०

आत्ताच सावंगीहून परतलो. करंजीला ४४ नंबर हायवेला लागलो, वडकी, हिंगणघाट, वर्धा. जाताना मी चालवली, येताना हिंगणघाटपासून बाबांनी. वडकीच्या पुढे जोराचा पाऊस लागला. बाबा दर थोड्या वेळाने काट्याकडे पाहत होते आणि मी बाबांकडे. काटा एकदाही पडला नाही.

ढेपेची पोती गोठ्याच्या पलीकडच्या खोलीत हलवली आहेत आणि शेडमध्ये पिंजरा लावलाय. वायरीचा तो हिरवा तुकडा मी जपून ठेवला होता. सोमवारी जिल्ह्याला काम होतं, तेव्हा गॅरेजमध्ये नेऊन दाखवला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, अर्थ कसा मोजला ते दोनदा विचारलं, आणि तुकडा आपल्या हेल्पर पोरांना दाखवायला ठेवून घेतला.